मी बारापर्यंत मोजलं

माणूस श्वास कसा घेतो, हे मी तेहतीस वर्षं सरकारी पगार घेऊन पाहिलं. शहादा तालुक्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात मी ब्रदर होतो. नर्सबाईंना सिस्टर म्हणतात, त्या न्यायाने पुरुष नर्सला ब्रदर. आमच्याकडची माणसं त्यालाही आदराचं शेपूट लावून ‘ब्रदरभाऊ’ म्हणतात. एकाच माणसाला दोनदा भाऊ म्हटलं की तो दुप्पट लक्ष देईल, असा त्यामागे हिशेब असावा. मी कधी दुरुस्ती केली नाही. निवृत्त झाल्यावर या दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला, की नोकरीतले अनुभव लिहा, पण जरा प्रेरणादायी लिहा. पहिली अट जमेल असं वाटतंय.

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. दवाखान्यात पेशंटच्या पायथ्याशी कागद लटकवलेला असतो. त्यावर ताप, नाडी, रक्तदाब आणि श्वास असे चार रकाने असतात. ताप थर्मामीटर सांगतो, रक्तदाब मशीन सांगतं, नाडीला मनगट धरावंच लागतं. श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत उभं राहावं लागतं, आणि चाळीस पेशंटच्या वॉर्डात तेवढा वेळ कुणाकडे असतो? त्यामुळे तो रकाना आम्ही चालता चालता भरतो. बहुतेक कागदांवर एकच आकडा दिसेल, वीस. न्यूमोनियाचा वीस, मोडलेल्या पायाचा वीस, घरी जायला निघालेल्याचाही वीस. देशातल्या सगळ्या वॉर्डांतली माणसं एका तालात श्वास घेतात, असं एखाद्या परदेशी शास्त्रज्ञाला वाटलं तर त्याची चूक म्हणता येणार नाही.

खरं तर मोजायची एक युक्ती आहे, आणि ती मला येत होती. पेशंटला सांगायचं की नाडी बघतोय. त्याचं मनगट धरायचं आणि डोळे मात्र छातीवर ठेवायचे. ‘तुझा श्वास मोजतोय’ असं सांगितलं की माणूस एकदम शहाण्यासारखा श्वास घ्यायला लागतो, आणि मोजणी फुकट जाते. शरीरात फार थोड्या कामांना असे दोन मालक आहेत. हृदय तुमचं ऐकत नाही, आतडी ऐकत नाहीत, श्वास मात्र तुमचंही ऐकतो आणि तुम्ही विसरलात तर आपलं आपण चालू राहतो.

हे कसं चालतं ते साध्या शब्दांत सांगतो, कारण आमच्या धंद्यातल्या लोकांनाही ते परीक्षेपुरतंच ठाऊक असतं. आपण हवा ओढतो असं आपल्याला वाटतं. फुप्फुसांना स्वतःची ताकद अजिबात नसते. छाती आणि पोट यांच्या मध्ये एक स्नायूचा पडदा आहे, त्याला श्वासपटल म्हणतात. तो खाली सरकला आणि बरगड्या वर उचलल्या गेल्या की आत जागा होते, आणि बाहेरची हवा त्या जागेत आपोआप शिरते. पडदा सैल सोडला की हवा बाहेर. पडद्याला हुकूम जातो मेंदूच्या देठातून, जिथे मेंदू मानेत उतरतो तिथून. तिथलं टेबल एखाद्या जुन्या कारकुनासारखं आहे, रजा नाही, सुट्टी नाही, आणि वरचा साहेब झोपला तरी काम चालू.

आता यातली गंमत अशी, की हा कारकून प्राणवायूची फारशी काळजी करत नाही. तो बघतो कर्बवायू किती साठला ते. तुम्ही श्वास कोंडून धरलात तर थोड्या वेळाने जी तगमग होते, छाती फुटेल असं वाटतं, ती साठलेल्या कर्बवायूची हाक असते. प्राणवायू तेव्हा अजून पुरेसा असतो. त्या हाकेपुढे वरच्या साहेबाचं काही चालत नाही. श्वास कोंडून जीव देईन अशी आईला धमकी देणारी पोरं म्हणूनच आजवर सगळी जगली आहेत.

करोनानंतर लोकांना हे सगळं समजावणं अवघड झालं. प्रत्येकाच्या घरात बोटाला लावायचा तो चिमटा आला, आणि श्वासालाही दहावीसारखे मार्क मिळायला लागले. अठ्ठ्याण्णव आले की पेढे, त्र्याण्णव आले की जीप करून दवाखाना. एकदा म्हसावदकडून बारावीची एक मुलगी आणली, परीक्षेच्या दिवशी, दहा माणसांसकट. ती भराभर श्वास घेत होती आणि हातांची बोटं आकसून पक्ष्याच्या चोचीसारखी झाली होती. आमच्याकडे मुलीला अंडेर म्हणतात. बरोबरच्या मावशीने निदान करूनच आणलं होतं.

“अंडेरना अंगमा काहीतरी शिरेल शे, ब्रदरभाऊ! ऑक्सिजन लावा पहिले!”

चिमटा लावला तर शंभर. मुलीला प्राणवायू भरपूर होता. भीतीने भराभर श्वास टाकून तिने कर्बवायूच नको तितका बाहेर घालवला होता, आणि तो फार कमी झाला तरी शरीर बिघडतं, बोटं आकसतात. पण हे दहा माणसांना सांगत बसलो असतो तर त्यांनी मला धरून हाणलं असतं. मी तिच्या नाकाला नळी लावली, भिंतीवरचा नळ बंदच ठेवला, आणि शेजारी बसून विचारलं, की पेपर संपल्यावर पहिल्यांदा काय खाणार. पाणीपुरीपासून निघालो ते जत्रेतल्या जिलेबीपर्यंत पोचलो तोवर बोटं उघडली. मावशी जाताना म्हणाली, “ऑक्सिजन चांगला शे तुमना आठे.” मी हो म्हटलं.

वॉर्डात याच्या उलट उदाहरण होतं रज्जाकचाचांचं. चाचा शहाद्याचे, धंद्याने पिंजारी. उभा जन्म कापूस पिंजून गाद्या भरल्या आणि तो कापूस थोडा थोडा छातीतही भरला. वर्षातून दोन-तीनदा ते दम्याने आमच्याकडे भरती व्हायचे, खिडकीजवळच्या खाटेवर. दुसरी खाट दिली तर घरी परत जायची धमकी द्यायचे. दम्याच्या माणसाला हवा आत घेता येत नाही असं लोकांना वाटतं. खरी अडचण बाहेर सोडण्याची असते. जुनी हवा निघत नाही, म्हणून नव्या हवेला जागा नसते. चाचा ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तशी, सावकाश हवा सोडायचे. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “बेटा, लेना सबको आता है. छोडना मैंने चालीस साल में सीखा.” आमच्या ट्रेनिंगमध्ये हेच सांगायला एका मॅडमने तीन तास घेतले होते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. ती लिहायला बसलो होतो आणि अजूनपर्यंत टाळत होतो, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात आलंच असेल.

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष, भादव्याचे दिवस. सकाळी नऊच्या सुमारास मोटरसायकलवर मधे बसवून एकाला आणलं. नाव हिलाल, वय चाळिशीच्या आतबाहेर, केळी कापणाऱ्या टोळीत कामाला. केळीचे घड खांद्यावरून ट्रकपर्यंत नेणारा माणूस, अंगाने दणकट. मोटरसायकल चालवत होता त्याचा धाकटा भाऊ भटू, आणि मागून हिलालला धरून बसली होती बायको मंगल. पहाटेपासून पोटात कळा, दोन उलट्या, घशात काहीतरी अडकल्यासारखं. पापण्या अर्ध्या मिटलेल्या, बोलणं जड.

आदल्या दिवशी गावात जेवणावळ होती. भटूने मला बाजूला घेतलं. “कालदिन जरासी लेयेल व्हती त्यानी. उतरनी नही आखो,” तो खालच्या आवाजात म्हणाला. मला ते पटलं. पटायला काय लागतं? असे तोंडवळे मी हजारांनी पाहिले होते. मी सलाईन काढायला वळलो आणि कागदावर श्वासाच्या रकान्यात वीस लिहून टाकला.

आमच्या डॉक्टर मॅडम तेव्हा नव्या होत्या, सांगलीकडच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या. अहिराणी त्यांना अर्धी कळायची, पण पेशंटकडे बघायच्या पूर्ण. त्यांनी हिलालला जीभ बाहेर काढायला सांगितली. ती ओठांपर्यंतच आली. मान उचलायला सांगितली. उचलली नाही. मग त्यांनी मंगलला एकच प्रश्न विचारला, की हे रात्री झोपले कुठे होते. मंगल म्हणाली, घरात उकडत होतं म्हणून खाली जमिनीवर.

“ब्रदर, ही दारू नाही. मण्यार आहे,” मॅडम म्हणाल्या.

मण्यार चावते तेव्हा दुखत नाही, सुजत नाही, दातांचे व्रणही बहुधा सापडत नाहीत. झोपलेल्याला कळतही नाही. तिचं विष मेंदूला हात लावत नाही. हुकूम देणारं टेबल शाबूत असतं, हुकूम निघतोही, पण मज्जातंतू जिथे स्नायूला भेटतो तिथे विष बसलेलं असतं, आणि हुकूम पोचत नाही. आधी पापण्या पडतात, मग जीभ, मग मान, आणि शेवटी श्वासपटल. विषावरचं औषध आम्ही लावलं. पण त्या तंतूंची टोकं एकदा बिघडली की ती पुन्हा व्हायला दिवस लागतात, आणि तोवर श्वास दुसऱ्या कुणीतरी घ्यायचा असतो.

“भाऊ, माले दम लेवाई नही ऱ्हायना,” हिलाल म्हणाला. हे त्याचं त्या दिवशीचं शेवटचं वाक्य.

मॅडमनी घशातून श्वासनलिकेत नळी घातली, पहिल्या झटक्यात. नळीला मी अंबू पिशवी जोडली. अंबू पिशवी म्हणजे नारळाएवढा रबरी फुगा, दाबला की हवा आत, सोडला की हवा बाहेर, आणि फुगा आपला आपण पुन्हा भरतो. आमच्याकडे व्हेंटिलेटर होता का, असं कुणीही विचारेल. होता. करोनात आलेला, छान पांढरा. त्याचा एक जोड भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या नळाला बसत नव्हता, तो जोड मागवला होता, आणि तो यायचा होता. तोपर्यंत आम्ही दर दसऱ्याला त्याला हार घालून पूजा करत होतो. कपाळावर कुंकू असलेला तो व्हेंटिलेटर कोपऱ्यात उभा होता आणि मी हाताने पिशवी दाबत होतो.

धुळ्याला मोठ्या दवाखान्यात खाट मिळाली, पण श्वास चालू ठेवून नेऊ शकेल अशी अँब्युलन्स दुसऱ्या पेशंटला घेऊन गेली होती. ती चारच्या आत परतणं शक्य नव्हतं. घड्याळात दहा वाजले होते. म्हणजे सहा तास, मिनिटाला बारा-पंधरा वेळा. एका माणसाचा हात एवढा चालत नाही, म्हणून आम्ही पाळ्या लावल्या. मी, आमचा शिपाई आणि भटू.

भटू पाठीवरच्या पंपाने कपाशीवर फवारणी करण्यात तरबेज. पिशवी हातात आल्याबरोबर त्याने पंपाचा दांडा मारावा तसा धडाका लावला. जितकी जास्त हवा तितका भाऊ लवकर बरा, असं त्याचं सरळ गणित होतं. मी दोनदा ओरडलो. तो घाबरून आणखी जोरात दाबायला लागला. रज्जाकचाचा तेव्हाही भरती होते, तेवढ्यात ते खिडकीजवळच्या खाटेवरून उठून आले. नाकातली नळी त्यांनीच काढून ठेवली होती.

“ए भाई, ये फवारे का पंप नहीं,” ते म्हणाले. “तू साँस ले, तब दबा. तू छोडे, तब छोड. और छोडते वखत घाई मत कर.”

तालाचा प्रश्न तिथेच सुटला. पुढे तर चाचांनी स्वतःचीच पाळी मागून घेतली. ज्यांना स्वतःचा श्वास पुरत नव्हता ते दुसऱ्याला भरवत होते, आणि आमच्या सगळ्यांत त्यांचा हात सर्वांत चांगला होता. एक दाब, मग निवांत दोन मात्रा सुटका. हिलालची छाती त्यांच्या हाताखाली घरच्यासारखी वरखाली व्हायची.

दुपारपर्यंत हिलाल हलायचा पूर्ण बंद झाला. दंडाला चिमटा काढून पाहिला, काही नाही. पापणी उचलून बॅटरी मारली, बाहुली मोठी, तशीच्या तशी. असे डोळे मी फार पाहिले होते, आणि त्या प्रत्येक वेळी पुढचं काम चादर ओढण्याचं होतं. बाहेर व्हरांड्यात बायका जमल्या होत्या. कुणीतरी दारातून डोकावलं, डोळे बघितले, आणि रडणं सुरू झालं. आमच्याकडे बायका नुसत्या रडत नाहीत. गेलेल्या माणसाचं एकेक सांगत सूर धरून रडतात. मंगल त्याच्या पायाशी बसून म्हणत होती, दोन दोन घड एका खांद्यावर लेनारा मन्हा राजा, कोनले कधी उनं बोलना नही. आणि मग मधेच, त्याच सुरात, “लगीनले अठरा वरीस व्हयनात, एकदाव सारंगखेडानी जत्रा नही दखाडी रे माले!”

आता मी काय केलं ते लिहितो.

मॅडम फोन करायला बाहेर गेल्या होत्या, कारण रेंज फाटकाशीच मिळायची. पिशवी भटूच्या हातात होती. दाबता दाबता तो माझ्याकडे एकसारखा बघत होता. मला त्याची दया आली. मला वाटलं, खोट्या आशेवर या लोकांना किती ताणायचं? शिकलेली माणसं पुस्तकाला धरून बसतात, पण तेहतीस वर्षांचा अनुभव काही आहे की नाही? मी पिशवी त्याच्याकडून घेतली आणि म्हणालो, “दख भटू, तुले दखाडस. दम त्याना नहीच शे. आपन हवा भरी ऱ्हायनूत, बाकी काही नही.”

आणि मी हात थांबवला. सगळ्यांना कळावं म्हणून मोठ्याने मोजायला लागलो. एक, दोन, तीन. छाती हलली नाही. बारापर्यंत आलो तेव्हा भटू माझ्या गळ्यात पडून रडायला लागला. माझं मोजणं तिथेच राहिलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो, धीर देत होतो, घरी न्यायची तयारी करा असंही म्हणालो. माझा आवाज अशा वेळी फार चांगला लागतो. लोक नेहमी सांगतात.

पिशवी माझ्या डाव्या हातात होती. ती कुणीतरी हिसकली. चाचा होते. त्यांना धाप लागलेली होती, तरी दाबायला सुरुवात केली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “गिनती बाद में करना, बेटा.”

मॅडम आल्या तेव्हा पिशवी चालू होती. त्यांनी बायकांचं रडणं ऐकलं आणि त्या माझ्यावर उखडल्या. “कुणी सांगितलं यांना? मण्यारीत बाहुल्या अशाच मोठ्या होतात, ब्रदर. स्नायू बंद आहेत, मेंदू चालू आहे. त्यांना सगळं ऐकू येत असतं.” मग त्या हिलालच्या कानाशी वाकल्या आणि आपल्या सांगलीच्या मराठीत म्हणाल्या, “हिलालभाऊ, मी डॉक्टर बोलतेय. तुम्ही जिवंत आहात. आम्ही पिशवी सोडणार नाही.”

मी हात थांबवला होता, हे मॅडमना सांगितलं नाही. मनाशी म्हटलं, ऐकू येत असेल, पण समजत थोडंच असेल. अशी समजूत काढायला मी शिकलेला होतो.

अँब्युलन्स चारला आली. मी न सांगता त्यात चढलो. दोंडाईचावरून धुळ्यापर्यंत पिशवी मीच दाबली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. हाताला पेटके येत होते. लोक पुढे त्याला माझी निष्ठा म्हणाले. ती भीती होती.

तिसऱ्या दिवशी हिलालच्या पायाचं बोट हललं. आठवड्याच्या आत तो स्वतःचा श्वास घ्यायला लागला. फोनवर भटू एवढा ओरडला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. वॉर्डात सगळ्यांना चहा झाला. मण्यारीच्या पेशंटला हाताने सहा तास जगवलं म्हणून आमच्या रुग्णालयाचं नाव झालं. कोपऱ्यातल्या व्हेंटिलेटरचा जोडही त्या धावपळीत मिळाला. माझ्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

माझ्या निरोप समारंभाला हिलालच्या हस्ते शाल द्यायची, अशी कल्पना कुणाला तरी सुचली. कल्पना उत्तमच होती. सकाळी अकराचा कार्यक्रम, तो दहालाच आला. मंगल नवी साडी नेसून बाहेर बायकांना सारंगखेड्याच्या जत्रेबद्दल सांगत होती. तिथले घोडे, आकाशपाळणा, दोन दिवस मुक्काम. नवऱ्याला एकदम कशी काय आठवण झाली, याचं तिला अजून नवल वाटत होतं. मी ते ऐकलं आणि मला कळलं. ज्याने ते ऐकलं होतं त्याने सगळंच ऐकलं होतं.

हिलाल ड्युटी रूममध्ये आला. केळीची एक फणी टेबलावर ठेवली आणि समोरच्या स्टुलावर बसला.

“भाऊ, एक इचारनं व्हतं,” तो म्हणाला. आवाज अजून जरा घोगरा होता. “तुम्ही बारालगुन मोजं. मंग मोजं नही.”

मी मान हलवली.

“मी मोजी ऱ्हायंतू. तुम्ही थांबनात ना, मी मन्हं मन्हं पुढे मोजं. चाचानी पिशवी धरी तवय एक्केचाळीस व्हयनं व्हतं.” तो हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हता. शेतातली ओळ मोजून सांगावी तसा सांगत होता. “छाती फुटी जाई असं व्हयनं. आख्खं अंग आरडी ऱ्हायंतं. मी सांगी ऱ्हायंतू ना तुमले, मी शे, मी शे. तुमले ऐकू उनं नही.”

कर्बवायूची हाक कशी असते, हे मी वर मोठ्या हुशारीने लिहिलं आहे. ती एक्केचाळीस आकड्यांची असते, आणि ज्याला श्वासपटल हलवता येत नाही त्याला ती पूर्ण ऐकावी लागते. हे मला माझ्या पेशंटने शिकवलं.

“हिलाल, मी चुकनू. माले वाटनं, तू गया.” माझ्या तोंडून एवढंच निघालं. रडूही आलं. तो उठला आणि त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“धुयालगुन हातबी तुमनाच व्हता. तेबी माले समजी ऱ्हायंतं,” तो म्हणाला. “भटूले, मंगलले ती तपासनीच वाटनी. मी कोनले सांगसू नही, भाऊ. तुम्हीबी नका सांगू. आते चाला, शाल लेवानी शे.”

मांडवात शंभर-दीडशे माणसं होती. मॅडम होत्या, तालुक्याचे साहेब होते. पहिल्या ओळीत खुर्चीवर रज्जाकचाचा. हिलालने मला शाल पांघरली आणि माईकवर सांगितलं, “मन्हा दम ब्रदरभाऊनी चालू ठेवा. त्यासनामुये मी आज आठे उभा शे.” एवढं खोटं इतक्या सरळ चेहऱ्याने बोलणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि ते तो माझ्यासाठी बोलला.

मग मला बोलायला सांगितलं. मी ठरवून टाकलं की सांगायचं. माईक धरला आणि म्हणालो, “मित्रहो, त्या दिवशी दुपारी मॅडम बाहेर गेल्या होत्या, तेव्हा मी हिलालची पिशवी…” आणि थांबलो. समोर चाचा मान खाली घालून बसले होते. पुढचा शब्द येणार तेवढ्यात शेजारी एक टाळी वाजली. हिलालची. त्याने दुसरी वाजवली, तिसरी वाजवली, माझ्याकडे बघत बघत वाजवत राहिला. मग सगळा मांडव वाजवायला लागला, लोक उभे राहिले, साहेबांनी मला मिठी मारली, आणि ब्रदरभाऊंना गहिवरून आलं असं पुढच्या वक्त्याने सांगितलं.

ते वाक्य तेव्हापासून अर्धंच राहिलं आहे. हिलाल आणि चाचा, दोघांची माफी मागून ते इथे पुरं करतो. त्या दिवशी दुपारी मॅडम बाहेर गेल्या होत्या, तेव्हा मी हिलालची पिशवी सोडली होती, आणि तो जिवंत होता.